कांद्याच्या पट्टीतला लॅपटॉप

'ताई, मी करमाळा तालुक्यातली. दीड वर्ष झालं, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. राज्यसेवेचा अभ्यास चालू आहे, आणि हाताशी काहीतरी असावं म्हणून लिपिक-टंकलेखकाचीही तयारी करते. उन्हाळ्यात कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, आली तेव्हा आण्णांनी मला न विचारता साडेपंधरा हजारांचा लॅपटॉप आणला. ११.६ इंची स्क्रीन, सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. आता तो चालू व्हायलाच वेळ लावतो, दोन-तीन गोष्टी उघडल्या की अडकतो, सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे, आणि टायपिंग क्लासने दिलेलं सॉफ्टवेअर तर तो घेतच नाही. अभ्यासिकेतल्या मुली म्हणतात, "पाटी आणलीस का गं?" रूममेट म्हणते विकून टाक, थोडे घालून मोठा घे. आण्णा दर दोन दिवसांनी फोनवर विचारतात, "चालतोय ना कंपुटर?" मी "पळतोय" म्हणते. विकू का? आणि आण्णांना काय सांगू?'

विकू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. विकायला गेलीस तर निम्मेही हातात येतील असं मला वाटत नाही. ४ जीबी म्हटल्यावरच दुकानदार तोंड वाकडं करेल. आणि मोठा घ्यायला वरचे पैसे कुठून येणार ते पत्रात नाही, म्हणजे ते पुन्हा पट्टीतूनच येणार.

आता हेही खरं की मी दुकानात आण्णांबरोबर असते तर हा घेऊ दिला नसता. ऑफिसांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेले लॅपटॉप बाजारात असतात. दिसायला ओबडधोबड, वजनाला विटेसारखे, पण आत ८ जीबी रॅम आणि एसएसडी, म्हणजे भराभर चालणारं स्टोरेज. थोडे पैसे वर घातले की तसा एखादा मिळतो. पण आण्णांनी नवा करकरीत खोका बघितला आणि लेकीसाठी नवाच घेतला. मीही तेच केलं असतं. तो विषय इथेच सोडू.

माझा पहिला लॅपटॉप याहून लहान होता. २०१० साली घेतलेला, दहा इंची. त्या वेळी त्यांना नेटबुक म्हणत. २००७ मध्ये असुसचा सात इंची 'ई पीसी' आला आणि पुढची दोन-तीन वर्षं सगळ्याच कंपन्यांनी असली पिल्लं काढली. माझ्यात १ जीबी रॅम होती आणि स्क्रीनची उंची होती ६०० ठिपके. ६०० म्हणजे किती, तर सेटिंगची एखादी खिडकी उघडली की तिचं खालचं 'ओके' बटण स्क्रीनच्या बाहेर, टेबलाखाली कुठेतरी. टॅबचं बटण मोजून दाबायचं आणि देवाचं नाव घेऊन एंटर मारायचा. त्यात विंडोज ७ ची 'स्टार्टर' नावाची आवृत्ती होती, तिच्यात वॉलपेपर बदलण्याची सोयच नव्हती. भाच्याने तासभर खटपट केली, गणपतीचा फोटो लावतो म्हणून. शेवटी वैतागून म्हणाला, 'मावशी, तुझा कॉम्प्युटर बिघडलाय.' मी म्हटलं, 'बिघडला नाही रे, स्वस्त आहे.' सहा वर्षं त्याच्यावर मजकूर टाइप करून मी घरभाडं भरलं.

तुझ्या चारही तक्रारी मी दोनदा वाचल्या. त्यात बिघाड एकही दिसत नाही. चारही ठिकाणी स्वस्ताई बोलते आहे, आणि तिच्याशी कसं वागायचं ते शिकता येतं.

सगळ्यात सोप्यापासून सुरुवात. क्लासचं सॉफ्टवेअर घेत नाही, कारण तुझ्या लॅपटॉपवर विंडोजचा 'एस मोड' चालू असणार. बऱ्याच स्वस्त यंत्रांवर तो कारखान्यातूनच लावून येतो. एस मोडमध्ये फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली अ‍ॅप चालतात, पेनड्राइव्हवरून आणलेली फाइल तो दारातूनच परत पाठवतो. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अ‍ॅक्टिव्हेशन उघड. तिथे 'स्विच टू विंडोज ११ होम' असं दिसेल, त्याखालच्या दुव्याने स्टोअरचं पान उघडतं आणि तिथे 'गेट' दाबायचं. फुकट आहे. मात्र त्याच पानावर 'अपग्रेड युअर एडिशन' असाही एक दुवा असतो, तो पैशांचा. त्याला हात लावू नकोस. आणखी एक, एस मोडमधून एकदा बाहेर पडलं की परत आत जाता येत नाही. तुला जायचंही नाही, टायपिंगसाठी बाहेर पडणं भागच आहे. पण त्यानंतर कुणाच्याही पेनड्राइव्हवरचं काहीही आत जाऊ शकतं, हे ध्यानात असू दे. क्लासमधला पेनड्राइव्ह दिवसभरात पन्नास यंत्रांना लागलेला असतो. लावल्यावर आधी विंडोजच्याच डिफेंडर या अँटिव्हायरसने तपासून घे. लॅपटॉपबरोबर महिनाभराचा चाचणी अँटिव्हायरस आला असेल आणि रोज 'मुदत संपली' म्हणून ओरडत असेल, तर तो काढून टाक. असल्या यंत्रावर एक पहारेकरी पुरे, दोन ठेवले तर ते एकमेकांच्याच झडत्या घेत बसतात.

आता लाल पट्टी. खोक्यावर ६४ जीबी लिहिलेलं असतं आणि विंडोज ५९ च्या आसपास दाखवतो. यात कुणी फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. त्यातून विंडोज स्वतःचा संसार मांडतो आणि दुरुस्तीसाठी, अपडेटसाठी एक कोपरा अडवून ठेवतो. तुझ्या वाट्याला साधारण निम्मी जागा येते. ती कशाने भरली असेल, यावर मी पैज लावायला तयार आहे: टेलिग्राम. राज्यसेवेची तयारी करणारी मुलगी आणि टेलिग्रामवर तिशीच्या आत चॅनल, असं मी अजून पाहिलेलं नाही. चालू घडामोडींच्या पीडीएफ, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका, कुणाच्या तरी हस्तलिखित नोट्सचे फोटो. तू नुसतं चॅनल उघडून खाली सरकत गेलीस तरी ते फोटो तुझ्या सी ड्राइव्हवर येऊन बसतात. टेलिग्रामच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड उघड. आपोआप डाउनलोड होण्याच्या जागा तीन आहेत: खासगी गप्पा, गट आणि चॅनल. तिन्ही बंद कर. तिथेच साठवलेला जुना कचरा पुसण्याचीही सोय आहे. पुसल्यावर पट्टीकडे बघ.

बाकीचं विंडोजच्या सेटिंग्जमधल्या 'स्टोरेज' या पानावर होतं: तात्पुरत्या फाइली, डाउनलोड फोल्डर, कचरापेटी. डाउनलोड फोल्डर मात्र यंत्राला पुसू देऊ नकोस, स्वतः बघ. एका मुलीने असंच सगळं टिकमार्क करून पुसलं आणि त्यात तिचं नॉन-क्रीमीलेअरचं प्रमाणपत्र गेलं. कागद तहसीलला पुन्हा मिळतो, पण गावी जाण्यातले दोन दिवस परत मिळत नाहीत.

मग एक मायक्रो एसडी कार्ड घे, १२८ जीबीचं, ओळखीच्या दुकानातून. मेसच्या महिन्याच्या बिलापेक्षा नक्कीच कमीत येईल. रस्त्यावर 'एक टीबी, तीनशे रुपये' असलं काही दिसलं तर पुढे चालू लाग. तुझ्या लॅपटॉपच्या कडेला कार्डाची खाच आहे का ते बघ. बहुतेकांना असते आणि बहुतेकांना ती माहीत नसते. सगळ्या पीडीएफ, सगळे व्हिडिओ तिकडे हलव. सॉफ्टवेअर मात्र कार्डावर टाकू नकोस, कार्ड हळू असतं. आणि कार्ड एखाद्या सकाळी काही न सांगता मरतं, त्यामुळे प्रमाणपत्रं, सहीचा आणि फोटोचा स्कॅन हे स्वतःच्याच मेलवर पाठवून ठेव. सी ड्राइव्हवर १५ जीबी तरी कायम मोकळी हवी. ती नसली की विंडोजचा मोठा अपडेट अर्ध्यावर अडकतो, रोज नव्याने उतरतो, रोज नव्याने पडतो, आणि तुला वाटतं लॅपटॉपच म्हातारा झाला.

आता अडकण्याचं. विंडोज ११ ला किमान काय लागतं ते मायक्रोसॉफ्टने सांगितलेलं आहे: ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. तुझ्याकडे नेमकं तेवढंच आहे. म्हणजे तुझा लॅपटॉप बरोबर उंबऱ्यावर उभा आहे, आत एक पाऊल नाही आणि बाहेरही नाही.

कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलीला रॅम वेगळी समजवायला नको. खोलीत तुझं म्हणून जे काही आहे ते त्या एका कॉटवर. पुस्तकं पसरायची तर तिथेच, डबा खायचा तर तिथेच, कपड्यांच्या घड्या तिथेच, आणि झोपायचं तर हे सगळं उचलून कॉटखालच्या ट्रंकेत. ती कॉट म्हणजे तुझी रॅम, ट्रंक म्हणजे स्टोरेज. लॅपटॉप सुरू होताच निम्म्याहून जास्त कॉट विंडोज स्वतःच अडवतो. उरलेल्यात तू ब्राउझरचे बारा टॅब आणि टेलिग्राम पसरतेस. मग तो बिचारा एकेक वस्तू ट्रंकेत टाकतो, तू मागितलीस की काढतो, दुसरी टाकतो. मोठ्या लॅपटॉपमध्येही हेच चालतं, पण तिथली ट्रंक एसएसडीची असते, भराभर उघडते. तुझ्यात ईएमएमसी आहे. मोबाइलमध्ये असते तशा जातीची, बोर्डावरच डकवलेली. एक मोठी फाइल सलग वाचायला ती बरी, पण पन्नास बारीकसारीक गोष्टी एकदम मागितल्या की गोंधळते. 'हँग झाला' म्हणतेस तेव्हा आत ही ट्रंकेची उघडझाप चाललेली असते. अशा वेळी आणखी चार क्लिक मारलेस तर त्या चारही मागण्या रांगेत लागतात. हात बाजूला घे आणि पंधरापर्यंत मोज.

रॅम वाढवता येईल का, हे तू विचारलेलं नाहीस पण कुणीतरी सांगेलच, 'हजार-दोन हजारांत वाढवून देतो.' या आकाराच्या बहुतेक लॅपटॉपांत रॅमही बोर्डावरच डकवलेली असते. उघडून पाहायच्या आधीच पैसे मागणाऱ्याला देऊ नकोस.

उपाय कॉट रिकामी ठेवण्याचा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'स्टार्टअप अ‍ॅप्स' बघ. लॅपटॉपबरोबर आपोआप उठणाऱ्या मंडळींची यादी आहे ती. टीम्स, वनड्राइव्ह, कंपनीचे दोन-तीन मदतनीस, स्वतः टेलिग्राम. ज्याचं नाव तुला रोज लागत नाही त्याला 'डिसेबल' कर. सुरू झाल्यावर पहिली पाच-सात मिनिटं मात्र त्याला एकटं सोड. डिफेंडर, अपडेट, शोधाची अनुक्रमणिका, सगळे त्याच वेळी कामाला लागतात. बटण दाबून चहा टाकायला जायची सवय मला २०१० मध्ये लागली ती अजून आहे. रोज बंदही करू नकोस, झाकण लावलंस तरी चालतं. आणि आठवड्यातून एकदा 'शट डाउन' न करता 'रीस्टार्ट' कर. हे उलटं वाटेल, पण विंडोजमध्ये शट डाउन केल्यावर बहुतेक वेळा थोडं सामान तसंच बांधून ठेवलेलं असतं, पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून. कोरी सुरुवात रीस्टार्टनेच होते.

ब्राउझर एकच ठेव. त्याच्यावर आलेला एज काय वाईट नाही, न वापरलेले टॅब तो झोपवून ठेवतो. एका वेळी चार टॅब. पाचवा उघडायचा तर एक बंद. व्हॉट्सअ‍ॅप फोनवरच राहू दे. लेक्चरचे व्हिडिओही मी म्हणेन फोनवर लाव, पाण्याच्या बाटलीला टेकवून, आणि लॅपटॉपवर फक्त पीडीएफ. लॅपटॉपवरच बघायचं असेल तर ४८० वर ठेव. तुझ्या स्क्रीनची उंचीच ७६८ ठिपके आहे, १०८० लावून तू प्रोसेसरला उगाच पळवतेस, दिसतं तेवढंच.

स्कॅन केलेल्या जाड पीडीएफचं वेगळं दुखणं आहे. 'लोकराज्य'च्या जुन्या अंकांचे किंवा कुणाच्या नोट्सचे स्कॅन म्हणजे दोनशे फोटोंची माळ. भराभर खाली सरकवलीस की प्रत्येक पान रंगवताना त्याचा जीव जातो. सुमात्रा पीडीएफ म्हणून एक छोटा, फुकट वाचक आहे. एस मोडमधून बाहेर पडलीस की तो टाक. आणि मी करते ती एक गंमत सांगते. सेटिंग्जमधल्या 'डिस्प्ले'त स्क्रीन उभा करता येतो. तो उभा करून लॅपटॉप पुस्तकासारखा धरायचा, कीबोर्ड उजव्या हाताकडे. पीडीएफचं अख्खं पान एका नजरेत येतं. सोलापूरच्या गाडीत मी असं वाचत बसले होते, तर समोरच्या आजोबांनी विचारलं, 'बाई, हे उलटं धरलंय का?' मोठा लॅपटॉप असा धरून बघ म्हणावं अभ्यासिकेतल्या मुलींना, मनगट उतरेल.

परीक्षेचा अर्ज भरायचा दिवस वेगळा धर. त्या दिवशी लॅपटॉप रीस्टार्ट, एकच टॅब, बाकी सगळं बंद. फोटो आणि सही आधीच लागेल त्या मापात करून डेस्कटॉपवर. पैसे भरताना पान अडकलं तर परत बटण दाबू नकोस, आधी फोनवर बँकेचा मेसेज बघ. आणि शेवटच्या दिवशी भरू नकोस. शेवटच्या दिवशी लाखाचे लॅपटॉपही अडकतात.

टायपिंगकडे येते, कारण तुझी खरी अडचण मला इथे दिसते आणि तू ती लिहिलेलीच नाहीस. लिपिक-टंकलेखकासाठी मराठीला मिनिटाला ३० शब्द लागतात. छोट्या लॅपटॉपवर मधली अक्षरं जवळपास पूर्ण मापाची असतात, कंजुषी केलेली असते ती उजव्या कडेला. एंटर बारीक, उजवा शिफ्ट आखूड, आणि त्यांच्या शेजारची बटणं अंग चोरून बसलेली. आता इनस्क्रिप्टची, म्हणजे मराठी टायपिंगच्या कीबोर्डची, मांडणी आठव. च, ट, ड नेमके त्याच कडेला, आणि शिफ्ट दाबून छ, ठ, ढ. म्हणजे 'चटकन' लिहिताना करंगळी जिथे जायची तिथेच जागा नाही. त्यावर सहा महिने सराव केलास तर बोटांना चुकीची अंतरं पाठ होतील आणि परीक्षेच्या पूर्ण मापाच्या कीबोर्डवर ती अडखळतील. साधा, वायरचा, मोठा यूएसबी कीबोर्ड घे, चार-पाचशेतला. खोलीवरच ठेव, अभ्यासिकेत न्यायची गरज नाही. लॅपटॉप मागे सरकवायचा, पुढे तो कीबोर्ड. हा खर्च मी लॅपटॉपच्या किमतीतच धरते. आणि सराव क्लास शिकवतो त्याच मांडणीवर कर. विंडोजमध्ये 'मराठी फोनेटिक' नावाचीही मांडणी असते, इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारी. मैत्रिणीला पत्र लिहायला ती छान, पण ३० शब्दांच्या सरावात तिला घरात घेऊ नकोस. दोन्हींची सरमिसळ झाली की दोन्ही जातात.

आणि राज्यसेवा? मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. तिथे तुला हाताने पानंच्या पानं लिहायची आहेत. लॅपटॉप कितीही पळाला तरी तो उत्तर लिहिणार नाही, आणि रखडला म्हणून तुझा पेपर रखडणार नाही. त्याने वाचायला द्यायचं, अर्ज भरायचा आणि टायपिंग करवून घ्यायचं. तीन कामं. त्यासाठी हा पुरेसा आहे, असं मी जबाबदारीने लिहिते. उद्या तुला व्हिडिओ कापायचे, जाडजूड एक्सेलवर हिशेब करायचे असं काम मिळालं, तर त्या पगारातून दुसरा घे. कुणी सांगेल विंडोजऐवजी लिनक्स टाक, हलकं होईल. होईलही. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती मी असल्या यंत्रावर चालवली आहे, रॅम बरीच कमी खाते. पण तुझं टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे. परीक्षा होऊ दे, मग हवे ते प्रयोग कर.

पाटी म्हणणाऱ्या मुलींबद्दल काय लिहू? अभ्यासिकेत दोघींत एक प्लग पॉइंट असतो ना? दुपारी तीनला बघ कुणाची मान त्या प्लगकडे वळते. तुझा प्रोसेसर सहा वॅटच्या वर्गातला आहे, तो बॅटरी पुरवून-पुरवून खातो. आणि तुझ्याला पंखा नाही. बहुतेक अशा लॅपटॉपांना नसतो. बाकीच्यांचे पंखे उन्हाळ्यात पिठाच्या गिरणीसारखे सुरू होतात, तुझा गप्प. पंखा नसल्याची एक बाजू सांभाळायला हवी: उष्णता खालच्या पत्र्यातून जाते. गादीवर, उशीवर ठेवलास की ती कोंडते आणि प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. २.८ गिगाहर्ट्झपर्यंत पळणारा तो १.१ वर येऊन बसतो. कॉटवर बसून वापरतेस ना? खाली पुठ्ठ्याची फाइल किंवा जेवणाचं ताट पालथं घाल. एप्रिलमध्ये तर नक्कीच.

आता आण्णा. 'पळतोय' म्हणू नकोस. त्यांना त्यातलं कळणार नाही असं तू धरून चालली आहेस, आणि तिथेच चुकते आहेस. विहिरीवर तीनची, म्हणजे तीन एचपीची, मोटार आणि चार एकर कांदा असलेल्या माणसाला तुझा लॅपटॉप माझ्यापेक्षा लवकर कळेल. चारही व्हॉल एकदम उघडले तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, म्हणून एक बंद करून दुसरा उघडायचा. रात्री दीडला उठून हे त्यांनी किती वर्षं केलं असेल. त्यांना सांग, 'आण्णा, तीनची मोटार आहे, बारी लावून चालवते.' ते हसतील, किंवा म्हणतील, 'मग पाचची घ्यायची का?' तेव्हा काय सांगायचं ते तुझ्याकडे आहे. फक्त कीबोर्ड आणि कार्डाचे पैसे मागायचे असतील तर सरळ माग, मेसच्या पैशांतून गुपचूप काढू नकोस. दिवाळीला घरी नेशील तेव्हा त्यांच्यासमोर उघड आणि त्यांचं नाव मराठीत टाइप करून दाखव. मोठ्या अक्षरात, स्क्रीनभर. त्यांनी तो चालताना अजून पाहिलेलाच नाही, असं तुझ्या पत्रावरून वाटतं.

ता. क. झाकण उघडताना एका कोपऱ्याला धरून ओढू नकोस, मधोमध धरून उचल. या लॅपटॉपांची बिजागरी प्लास्टिकमध्ये बसवलेली असते आणि पहिली तीच तुटते. सॅकमध्ये चार्जरची पिन स्क्रीनच्या बाजूला येऊ देऊ नकोस. आणि बिल आण्णांकडे असेल, त्याचा फोटो आजच मागून घे. दुकानातला कागद तापवून छापण्याचा असेल तर वर्षभरात पांढरा पडतो, आणि वॉरंटी मागायला गेल्यावर काउंटरवरचा मुलगा कोरा कागद उलटसुलट करून बघत बसतो.